एकोणऐंशी फेरे

आप्पा, मंगळवारी दुपारी मी एकोणपन्नासला फिफ्टी-नाइन म्हटलं. दुसऱ्या कुणाला हे वाक्य सांगितलं तर तो हसेल. तुम्ही हसला नसता. हातातला कप आवाज न करता खाली ठेवला असतात आणि विचारलं असतंत, कुणाचं काय गेलं? म्हणून आधी तेच सांगते. माझ्या वॉर्डात एक्क्याऐंशी वर्षांची एक बाई आहे, तिचं रक्त गेलं. उद्या सकाळी दहाला त्यावर मीटिंग आहे. तिथे काय ठरेल त्यावर माझं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन टिकणार की नाही ते अवलंबून, रजिस्ट्रेशनवर वर्क परमिट, आणि त्या परमिटच्या शेपटाला बांधलेले तुमचे जावई आणि तुम्ही न पाहिलेली नात. आज रविवार आहे. ती दोघं पोहायला गेली आहेत. मी लेस्टरच्या या एवढ्याशा स्वयंपाकघरात, अर्धी कणीक भिजवून तशीच ठेवून, सतरा वर्षांपूर्वी गेलेल्या बापाला पत्र लिहिते आहे. हात धुतले तरी नखांत पीठ राहिलंय आणि कागदाला लागतंय.

तुम्ही मला आयुष्यात एकदाच मारलंत. विशाखापट्टणमच्या नेव्हीच्या क्वार्टर्समध्ये, लढाई संपून वर्ष झालं असेल. मी नवीनच इंग्लिश शाळेत जायला लागले होते आणि स्वयंपाकघरात पाटावर बसून आईला आकडे म्हणून दाखवत होते. आई मराठीत विचारायची, मी इंग्लिशमध्ये सांगायचं. तिनं विचारलं एकोणसत्तर, मी ठसक्यात म्हटलं सेव्हंटी-नाइन. तुम्ही दारातून आत येत होता. कानाखाली अशी बसली की पाटावरून खाली. आई पोळी तव्यावर सोडून बघत राहिली, कारण आवाज चढवणंसुद्धा तुमच्या स्वभावात नव्हतं. मग तुम्ही माझ्यासमोर बसलात आणि म्हणालात, "आकडा कधी अख्खा सांगायचा नाही. एकेक अंक सांगायचा. सहा, नऊ. पुन्हा म्हण." मी रडत रडत सहा नऊ, सहा नऊ म्हटलं. त्या दिवसापासून आपल्या घरात आकडे सुटे झाले. बसचा नंबर दोन आठ, परीक्षेत मार्क सात चार, आजीचं वय आठ शून्य. आई म्हणायची, घरात टेलिफोन एक्स्चेंज उघडलंय. पाहुण्यांसमोर मला शरम वाटायची. पाणबुडीतल्या माणसांचं डोकं थोडं सरकतंच, असं शेजारच्या काकू सांगत, आणि मलाही ते पटलं होतं. तुम्ही ताटंसुद्धा एकावर एक ठेवताना मध्ये फडकं घालायचात.

कारण कळलं ते मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना. तुम्ही तोपर्यंत नेव्ही सोडून खोपोलीच्या कारखान्यात टाइमकीपर झाला होता. मी सुट्टीवर आले होते आणि पांढऱ्या युनिफॉर्मची हवा डोक्यात गेली होती. आई हळदीकुंकवाला गेलेली. तुम्ही चहा करत होता, आणि मी ओट्याला टेकून तुम्हाला शिकवत होते की आमच्याकडे औषध देताना दोघींनी बघायचं असतं, कारण माणूस चुकतो. तुम्ही दूध ओतता ओतता थांबलात. "दोघींनी?" म्हणालात. "आमच्याकडे कान एकच होता." आणि मग, मी न विचारता, तुम्ही सांगायला लागलात. नऊ वर्षांत घरात कुणालाही न सांगितलेलं.

तुम्ही सांगताय ते मला अजून तुमच्याच आवाजात ऐकू येतं. लढाई सुरू होऊन आठवडा झालाय. शत्रूच्या बंदराबाहेर काही मैलांवर तुमची पाणबुडी पाण्याखाली दबा धरून आहे. पाऊणशे माणसं एका लांबट नळीत. उजेड असेतो खाली राहायचं, अंधार झाला की जरा वर येऊन हवा ओढून बॅटऱ्या भरायच्या आणि पुन्हा खाली. आंघोळ नाही, कपड्यांना डिझेलचा वास, डाळीलाही तोच. वायरलेसवर खबर आली आहे की दारूगोळा भरलेली तीन मालवाहू जहाजं एका लढाऊ जहाजाच्या सोबतीनं या बंदराकडे निघाली आहेत. साहेब, म्हणजे पाणबुडीचे कॅप्टन, त्याला कॉन्व्हॉय म्हणतात, तुम्ही तांडा म्हणता. तो तांडा बंदरात शिरण्याआधी गाठायचा, एवढ्यासाठी सगळे श्वास रोखून आहेत. ऐकायची वेळ आली की हवेचे पंखे बंद होतात. सगळे बूट काढून मोज्यांवर चालतात. आचारी झाऱ्याला फडकं गुंडाळतो. आणि तुम्ही कानाला हेडफोन लावून बसलेले असता, घाम हनुवटीवरून वहीवर पडतोय. समुद्रात शांतता नसते, तुम्ही मला सांगितलंत, कोळंब्यांचा आवाज सतत येतो, फोडणीत मोहरी तडतडावी तसा. त्या तडतडीच्या मागून जहाज ओळखायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला ते ऐकू येतं. जड, संथ, भरलेल्या जहाजाच्या पंख्याचा दणका, आणि त्याच्या आगेमागे आणखी दोन. साहेब तुमच्या मागे येऊन उभे राहतात. पंखा मिनिटाला किती फेरे घेतो ते मोजायचं. फेऱ्यांवरून वेग निघतो आणि वेगावरून जहाज किती वाजता कुठे असेल ते. तुम्ही घड्याळाचं बटण दाबता आणि मोजायला लागता. बोलणं इंग्लिशमध्ये, शिव्या हिंदीत, पण मोजणं मात्र मराठीत, कारण पाढे ज्या भाषेत घोकले तिच्याशिवाय दुसरी भाषा त्या वेगानं पळत नाही. सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी. मिनिट भरतं. तुम्ही चिठ्ठीवर आपल्या आकड्यात ७९ लिहिता, मान वळवता आणि म्हणता, "एटी-नाइन, सर."

लिहिलंत बरोबर आणि बोललात चूक. शेवटी नऊ येणार हे डोक्याला माहीत असतं, कानात ऐंशी वाजत असतं, आणि दोन्ही मिळून तोंडातून एटी-नाइन बाहेर पडतं. आपल्यातल्या प्रत्येक मराठी शाळेच्या पोरानं ही चूक केलेली आहे आणि मास्तरांचं हसणं सोसलेलं आहे. साहेबांनी पुन्हा विचारलं नाही, कारण तुम्ही कधी चुकला नव्हतात. तुझा कान म्हणजे देवाचा कान, असं ते म्हणायचे. लगेच नकाशावर गणित झालं आणि तांडा लवकर येणार असं धरून पाणबुडी पुढच्या ठिकाणी जाऊन थांबली. मधल्या धावपळीत जहाजांचा आवाज सुटला होता. ठरलेली वेळ आली, गेली. अर्धा तास, पाऊण तास. साहेबांनी ठरवलं की जहाजांनी वाट बदलली, दुसऱ्या बाजूनं शिरणार, आणि त्यांनी पाणबुडी तिकडे नेली. दुपारी तुम्हाला पुन्हा तोच दणका ऐकू आला. तांडा त्याच्या त्याच वाटेनं, सोडून आलेल्या जागेवरून, सावकाश बंदरात चालला होता. पाण्याखालच्या पाणबुडीनं त्याला गाठणं म्हणजे सायकलवरून एस्टीचा पाठलाग. तेव्हा तुम्ही वहीखालची चिठ्ठी बघितलीत आणि लॉगबुकातला आकडा बघितलात. मला तुम्ही सांगितलंत की पाणबुडीत काही टाकून द्यायला जागा नसते. म्हणून चिठ्ठी चघळून गिळलीत.

पुढचं तुम्ही फार हळू सांगितलंत. परत आल्यावर साहेबांची चौकशी झाली. जागा का सोडली, म्हणून. त्यांनी सांगितलं, माझा अंदाज चुकला. तुमचं नाव त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. त्यांच्या मागचे लोक वर गेले, ते आहे तिथेच राहिले, आणि निवृत्त होताना त्यांनी तुम्हाला घरी बोलावून जेवू घातलं आणि तेच फेरे मोजायचं घड्याळ भेट दिलं. तुम्ही ते घेतलंत. मी विचारलं, आणि ती जहाजं? तर तुम्ही म्हणालात, "त्यांच्यावर माणसं होती. ती आपल्या घरी गेली, त्याचं मला वाईट वाटत नाही. देशाचं काय अडलं तेही मला कळत नाही, लढाई तर जिंकलो. पण साहेबांचं मी काय केलं?"

आप्पा, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. मी म्हटलं, "मग सांगितलं का नाहीत? एवढंच तर सांगायचं होतं. तुम्ही भित्रे निघालात आप्पा." तुम्ही "बरोबर आहे" म्हणालात, कप विसळलात आणि पालथा घातलात. त्यानंतर पाणबुडीचा विषय तुम्ही काढला नाहीत आणि मीही नाही. तुम्ही गेलात तोवर मी तुमच्याशी चांगलीच वागले, औषधं दिली, पाय चेपले, पण मनातून तुम्हाला एक पायरी खाली ठेवलं होतं. तुम्हाला ते माहीत होतं असं मला वाटतं.

आता मंगळवारचं सांगते. ही बाई पायात रक्ताची गुठळी झाली म्हणून ॲडमिट झाली. चिमणीएवढी, विनोदी, मला सारखी "लव्ह" म्हणणारी. रक्त पातळ करायचं इंजेक्शन द्यायचं होतं आणि ते वजनावर ठरतं. मी तिला वजनाच्या खुर्चीवर बसवलं. ती एका बाजूला कलत होती, एका हातानं तिला धरलं होतं, आणि ती मला तिच्या मांजराबद्दल सांगत होती. काट्यावर एकोणपन्नास. माझ्या सकाळच्या यादीच्या कागदावर मी तिच्या नावापुढे ४९ खरडलं. आपल्या आकड्यात, ती सवय तुमचीच. पडद्याच्या पलीकडून ज्युनिअर डॉक्टरनं विचारलं, वेट? मी म्हटलं फिफ्टी-नाइन. त्यानं लिहून घेतलं, डोस काढला, आणि चार्टवर मी त्याच्याच कागदावरून आकडा उतरवला. एवढ्याशा जिवाला दहा किलो जास्तीचं औषध, रोज संध्याकाळी सहाला. अंक सुटे सांगायचे हे मी इंग्लंडात येऊन सोडून दिलं होतं. इथे कुणी तसं बोलत नाही, आणि पहिल्या वर्षी एक जण माझी नक्कल करून हसली होती.

हा डॉक्टर म्हणजे एक पोरगाच आहे. आजी-आजोबा सांगलीचे, आईबाप लंडनजवळ पिनरला, हा इथेच जन्मलेला. मी मराठी आहे हे कळल्यापासून मला एकटी गाठून माझ्यावर मराठीचा सराव करतो. "आंटी, माझा लंच राहिली," असं काहीतरी. मी दुरुस्त करते, तो पुन्हा चुकतो. कधी कधी डब्यातली पोळीभाजी त्याला देते. गुरुवारी मी कामावर आले तेव्हा बाईच्या पोटावर आणि दंडावर काळेनिळे डाग होते आणि नाकातून रक्त येत होतं. दुपारी कन्सल्टंट, म्हणजे त्याचे वरचे डॉक्टर, आले आणि त्यांनी त्या पोराला धरलं. गणित तपास, किडनीचे रिपोर्ट बघितलेस का, औषध देताना डोकं कुठे होतं. गणित बरोबर होतं. फिफ्टी-नाइनचं अगदी बरोबर होतं. मग पोटात आतून काही असेल म्हणून नळी घालून तपासायचं ठरायला लागलं, आणि त्या वयात ती तपासणी म्हणजे पुन्हा वेगळाच धोका. सहाचं इंजेक्शन अजून कुणी खोडलं नव्हतं.

मी पेन शोधायला पाउच उघडला आणि मंगळवारचा यादीचा कागद हाताला लागला. खरं तर तो शिफ्ट संपताना फाडून टाकायचा असतो. उलगडला तर ४९. चार्ट तर मला पाठ होता. तीन चाळीस झाले होते. मी तशीच उठले आणि वॉर्डच्या मुख्य सिस्टरच्या ऑफिसात गेले. सिस्टर साठीला आलेली, कडक बाई आहे. मी कागद तिच्यासमोर ठेवला आणि सांगितलं की आमच्या भाषेत फॉर्टी-नाइनला पन्नासला एक कमी असं म्हणतात, आणि माझ्या तोंडातून पन्नास गेलं. तिनं कागद उलटसुलट फिरवून बघितला. तिला तो आकडा वाचताही येत नव्हता, मी बोट ठेवून दाखवला. मग ती म्हणाली, "राइट. यू सिट डाउन," आणि स्वतः धावत बाहेर गेली. इंजेक्शन बंद झालं, उतारा दिला, रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या. नळी घालावी लागली नाही. काल बाईनं अर्धी वाटी कस्टर्ड खाल्लं असं कळलं. डॉक्टर म्हणतात वाचेल, पण या वयात शब्द कोण देणार.

ते पोरगं मला संध्याकाळी लिफ्टपाशी भेटलं. डोळे लाल. म्हणालं, "आंटी, मला वाटला माझाच चूक झाला. मी आईला फोन केलेला, टॉयलेटमधून. थँक यू, तुम्ही लगेच सांगितलात." मी त्याचं मराठी दुरुस्त केलं नाही. तुमचे जावई आठवडाभर कामासाठी बेसिंगस्टोकला असतात, त्यांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, फॉर्ममध्ये विचारलंय तेवढंच लिही, उगाच आगाऊपणा करू नकोस, आपण तिघं तुझ्या परमिटवर आहोत. चुकीचं बोलले असं म्हणवत नाही. त्या फॉर्मवर काय झालं, कसं झालं, कुणाला सांगितलं, असं सगळं विचारतात, आणि एक रकाना असतो: चूक लक्षात कधी आली. मी सगळं सुवाच्य अक्षरात भरून दिलं. सिस्टर म्हणाली की तू प्रामाणिकपणे पुढे आलीस हे मीटिंगमध्ये तुझ्या बाजूनं जाईल. तेव्हापासून मला नीट जेवण जात नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही.

हे पत्र कुठे जाणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे. ती दोघं यायच्या आत कणीक मळून पोळ्या व्हायला हव्यात, आणि हे कागद मी बहुतेक साबुदाण्याच्या डब्यामागे सारीन, तिथे ती दोघंही हात घालत नाहीत. खरं म्हणजे तुमची माफी मागायला बसले होते. भित्रे म्हटलं त्याची. ती मागून मोकळी झाले असते आणि उठले असते. पण वर लिहिलेलं पुन्हा वाचून बघितलं, आणि त्यात एक जागा आहे तिथे माझं अक्षर फारच नीटनेटकं आलंय.

मी सिस्टरकडे तशीच उठून गेले नाही. कागद सापडला तेव्हा मी मागच्या खोलीत होते, जिथे भांडी धुतात, आणि तो वाचून मी बेडपॅन धुवायला घेतली. स्वच्छ होती, तरी धुतली. भिंतीपलीकडे कन्सल्टंट त्या पोराला बोलत होते आणि तो येस सर, सॉरी सर म्हणत होता, ते मी नळ बारीक करून ऐकलं. त्याचं करिअर आहे, तो इथला आहे, त्याला कोण हाकलणार, असं मी मनात म्हणत होते. परमिटचा, त्याच्या फीचा, घराचा, सगळ्याचा विचार करून झाला. तीन पंचवीसला बाईला रक्ताची उलटी झाली. ती पुसायला मीच गेले, आणि पुसताना तिनं माझा हात धरून सॉरी म्हटलं. तरीही मी पुन्हा मागच्या खोलीत जाऊन आले, आणि मगच सिस्टरकडे गेले. हे फॉर्मवर नाही, तुमच्या जावयांना माहीत नाही, आणि उद्या दहाला मी ते सांगेन की नाही मला माहीत नाही. तुम्ही मेलेले आहात, माझं काही वाकडं करू शकत नाही, आणि तरी वर तुम्हालासुद्धा मी फॉर्मवरचीच वेळ लिहिली. आप्पा, कागद मला तीन वाजता सापडला होता.